न दिसलेल्या बिबट्याची पावती

खानदेशातून मुंबईला गेलेल्या पाहुण्याचा पाहुणचार ठरलेल्या क्रमानं होतो. पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी सिद्धिविनायक, तिसऱ्या दिवशी यजमानाचा फ्लॅट आणि त्याच्या हप्त्याची सविस्तर माहिती. चौथ्या दिवशी दाखवण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा बोरिवलीचं नॅशनल पार्क निघतं. एरंडोल, पारोळा, धरणगाव या पट्ट्यातली बरीच पोरं कल्याण, डोंबिवली, बदलापूरला स्थिरावलेली आहेत, त्यामुळे या पार्काच्या फाटकाला पांढरी टोपी नवीन नाही. म्हसावदला नाहीतर जळगावला गाडीत बसायचं, जवळपास चारशे किलोमीटर जायचं आणि तिथे उतरून सागाची झाडं पाहायची, हा व्यवहार पाहुण्याला मनातून पटत नाही. पण भाच्यानं रजा टाकलेली असते, म्हणून तो निमूट चालतो. वानरं दिसतात, चितळं दिसतात, चितळांसोबत फोटो काढणारी माणसं तर फारच दिसतात. दुपार कलली की पाहुणा बुटातला खडा झटकतो आणि मूळ मुद्द्यावर येतो, "वाघ कथा शे भो?" भाचा खजील होतो, जणू वाघाला वेळेवर हजर करण्याची जबाबदारी त्याचीच होती. मग दोघं एकमतानं ठरवतात की दिवस फुकट गेला. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. शहराच्या कडेला असलेल्या जंगलाच्या फाटकावर जे तिकीट फाडलं जातं ते जनावर दिसण्याचं नसतंच, ते जनावर न भेटण्याचं असतं. ज्या दिवशी काही दिसलं नाही त्या दिवशी पैसे पुरते वसूल झाले, असं समजून माणसानं आनंदानं वडापाव खावा आणि घरी जावं.

हे विधान चेष्टेचं वाटेल, म्हणून आधी हिशेब मांडतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका बाजूला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड, भांडुप, ठाणे. जगातल्या सगळ्यात दाटीच्या शहरांपैकी एकानं या जंगलाला तिन्ही बाजूंनी मिठी मारलेली आहे, आणि मिठी दिवसेंदिवस घट्ट होते आहे. या जंगलात बिबटे किती? २०१५ साली कॅमेरे लावून, अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून एकेक वेगळा ओळखून मोजले, तेव्हा ३५ निघाले. त्यात आरे कॉलनीचा भागही धरला होता. २०१८ पर्यंत आकडा ४७ वर गेला आणि पुढच्या मोजणीत त्यानं पन्नाशी ओलांडली. म्हणजे मुंबईत जागेची टंचाई आहे ती माणसांनाच, बिबट्यांचा गृहप्रकल्प जोरात चालू आहे. एवढे बिबटे एवढ्याशा जागेत, भोवती दीड-दोन कोटी माणसं, आणि तरीही लाखो पर्यटकांपैकी जवळजवळ कोणालाच बिबट्या दिसत नाही. याला व्यवस्थेचं अपयश म्हणायचं की चमत्कार, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी चमत्कार म्हणतो. डोंबिवलीच्या लोकलमध्ये एकमेकांना न भेटता चढून-उतरून दाखवा, मग कळेल.

शिवाय भेट होणार कशी, हाही साधा प्रश्न आहे. बिबट्याची कामाची वेळ रात्रीची. आपली खिडकी सकाळी उघडते आणि अंधार पडायच्या आत शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतात. सोमवारी बंद. म्हणजे सरकारी कचेरी ज्या वेळी उघडी असते त्या वेळी आपण जातो, आणि रात्रपाळी करून दमलेल्या प्राण्यानं कारवीच्या झुडपातून उठून आपल्याला दर्शन द्यावं अशी अपेक्षा करतो. त्या कारवीबद्दलही जाता जाता सांगायला हवं. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. बोरिवलीच्या बाजूला २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. एवढं आधी कळवून, वेळ पाळून येणारं या उद्यानात दुसरं काही नाही. पण फूल पाहायला रजा टाकणारा भाचा अजून जन्माला यायचा आहे.

आता हे जंगल शिल्लकच का राहिलं, ते पाहा. मुंबईत ज्या जागेवर पाय ठेवता येतो त्या जागेवर इमारत उभी राहते, हा नियम असताना शंभर चौरस किलोमीटर मोकळे कसे सुटले? कोणाला निसर्गाचा उमाळा आला म्हणून नव्हे. मुंबईला पाणी हवं होतं म्हणून. १८६० च्या सुमाराला विहार तलाव बांधून झाला, १८७९ मध्ये तुळशी. पिण्याच्या पाण्यात गावाची घाण उतरू नये म्हणून तलावांच्या पाणलोटात वस्ती नको, शेती नको, असं सरकारनं ठरवलं. तिथे पूर्वी राहणारी माणसं उठवली गेली, ज्यांचा यात काही दोष नव्हता. ही गोष्ट आनंदानं सांगण्यासारखी नाही. पण परिणाम असा झाला की दीडशे वर्षं त्या डोंगरांवर माणसाला फारसं काम उरलं नाही, आणि जंगल टिकलं. जंगल टिकलं ते लोक पाहायला गेले म्हणून टिकलं नाही, लोकांना जाऊ दिलं नाही म्हणून टिकलं. त्याआधीचं उदाहरण हवं असेल तर त्याच जंगलात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत. भिक्षूंनी हजारेक वर्षं तिथे मुक्काम केला. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांकडून दान घ्यायचं, आणि राहायचं मात्र व्यापाऱ्यांचा आवाज पोचणार नाही तिथे, असा त्यांचा शहाणा हिशेब होता. डोंगरात पाण्याची टाकी खोदली, झोपायला दगडी ओटे केले. त्या काळी तिथे वाघही असणार. पण "आज वाघ दिसला नाही, दिवस फुकट गेला" असं एकाही भिक्षूनं भिंतीवर कोरून ठेवलेलं नाही. आपले लोक कोरतात, पण ते बदामाच्या आकारात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. दिसत नाही कसं, सफारीत तर दिसतो! खरं आहे. जाळी लावलेल्या बसमध्ये बसवतात, दोन फाटकं उघडून मिटून आत नेतात, आणि सिंह दिसतो, वाघ दिसतो. सिंहाचा बोरिवलीशी मूळचा संबंध काहीच नाही. २०२२ च्या शेवटी गुजरातेतून मानस आणि मानसी ही सिंहाची जोडी आली आणि बदल्यात इकडून बजरंग आणि दुर्गा ही वाघाची जोडी तिकडे गेली. महाराष्ट्रानं वाघ देऊन गुजरातचे सिंह घेतले, या सौद्यात कोणाचा फायदा झाला यावर चहाच्या टपरीवर दोन तास सहज निघतील, पण तो विषय मोठा आहे. आपल्यापुरता मुद्दा असा की सफारीतला प्राणी जंगलातला रहिवासी नसून पाळलेला, सांभाळलेला, पशुवैद्यानं तपासलेला नोकरदार आहे. त्याच्या ताटातलं मांस वजन करून येतं, आणि अशा बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस मांसाहारी प्राण्यांना उपासही घडवतात. तो सावलीत पडलेला असतो, शेपटी हलवून माशा वारतो, आणि बसमधला माणूस "हलला, हलला!" म्हणून ओरडतो. सफारीत जनावर दिसतं हे मी कधीच नाकारलं नाही. फक्त ती जंगलाची भेट नव्हे.

आणि या बसचा मूळ नमुना आमच्याकडचा आहे, हे मुंबईकरांना कोणीतरी सांगायला हवं. महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आमचं एरंडोल, अशी इकडे पूर्वापार श्रद्धा आहे, आणि जवळच्या पद्मालयाच्या जंगलात भीमानं बकासुर मारला असं सांगतात. त्या काळातली व्यवस्था आठवून पाहा. गावाच्या कडेला जंगल, जंगलात एक खादाड, आणि रोज गावातून गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस अशी पाळी लावून पाठवणी. बोरिवलीत गाड्याऐवजी बस आहे, एका माणसाऐवजी बसभर माणसं आहेत, आणि दिवसातून एकच नव्हे तर अनेक फेऱ्या होतात. फरक इतकाच की बकासुराच्या गाड्यातला माणूस घाबरलेला असे आणि बसमधला माणूस परत आल्यावर तक्रार करतो की जनावर जवळ आलंच नाही. एकचक्रानगरीतल्या ज्या घरावर पाळी नव्हती, त्या घरानं बकासुर न दिसल्याची तक्रार केली असेल असं व्यासांनी कुठे लिहिलेलं नाही. माणसाच्या आणि जंगलाच्या कडेवर राहणाऱ्याला न दिसण्याची किंमत माहीत असते. ती विसरण्यासाठी मध्ये एक मोठं शहर उभं राहावं लागतं.

दुसरा पुरावा असा की खरा बिबट्या ज्यांना दिसतो त्यांनी तिकीट काढलेलंच नसतं. गोरेगावची चित्रनगरी या जंगलाला लागून आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्याची मादी पिल्लासह येऊन गेली. दोनशेच्या आसपास माणसं तेव्हा हजर होती. मालिकेचं नाव होतं 'सुख म्हणजे नक्की काय असतं'. बिबट्याच्या येण्यानं त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या कलाकार-तंत्रज्ञांना एका क्षणात मिळालं असणार: बिबट्या निघून जाणं. त्या दोनशे जणांपैकी कोणीही "वा, आज फुकटात दर्शन झालं" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. सेटवर सुरक्षा नाही म्हणून आरडाओरड झाली, सरकारनं लक्ष घालावं अशी मागणी झाली. म्हणजे जो बिबट्या फाटकाच्या आत दिसला नाही म्हणून माणूस वनखात्यावर रागावतो, तोच फाटकाच्या बाहेर दिसला तर त्याच खात्यावर दुप्पट रागावतो. वनरक्षकाची नोकरी या दोन रागांच्या मधली आहे. पगार मात्र एकाच रागाचा मिळतो.

न दिसणारा बिबट्या तिथे नुसता बसून खातो असंही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं या बिबट्यांच्या जेवणाचा ताळेबंद मांडला. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रं चावण्याचे हजारेक प्रकार टळत असावेत, असा त्यातला अंदाज होता. अंदाज आहे, शपथपत्र नाही, हे मान्य. पण महापालिकेच्या श्वान-निर्बीजीकरण विभागाला टेंडर न काढता असा रात्रपाळीचा कर्मचारी मिळाला आहे, ज्याला भत्ता नाही, संघटना नाही आणि जो कामावर असताना कोणाच्या नजरेस पडत नाही. आपल्याकडे न दिसणारे सरकारी कर्मचारी पुष्कळ आहेत, पण काम करून न दिसणारा हा एकच असावा.

आता तिकिटाचा आक्षेप. पैसे देऊन काही न मिळणं याला साध्या भाषेत फसवणूक म्हणतात, असं एखादा व्यवहारी माणूस म्हणेल, आणि एरंडोलच्या बाजारात तो नक्कीच म्हणेल. पण हाच माणूस दर वर्षी विम्याचा हप्ता भरतो. वर्षभर अपघात झाला नाही, तर तो एजंटाच्या घरी जाऊन "माझा पाय का मोडला नाही?" असं भांडत नाही. हप्ता गेला आणि पाय शाबूत राहिला, यातच व्यवहार पूर्ण झाला हे त्याला कळतं. मग बोरिवलीच्या खिडकीवरच ही अक्कल कुठे जाते? तिकिटाच्या पैशातून, आणि त्याहून कितीतरी जास्त तुमच्या-माझ्या करातून, जी गस्त, जे कुंपण आणि जी माणसं पोसली जातात, त्यांचं काम एकच आहे: रात्री दहा वाजता कचरा टाकायला निघालेली बाई आणि त्याच कचऱ्यावरच्या कुत्र्यामागे निघालेला बिबट्या, यांची वेळ चुकवणं.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून त्याला जपून उत्तर द्यायला हवं. मुलांना प्राणी दिसलेच नाहीत तर त्यांना प्राण्यांबद्दल प्रेम कसं वाटणार, आणि प्रेम नसेल तर ते जंगल वाचवणार कसं? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण पाहण्यानं प्रेम वाढतं याचा पुरावा मला सापडत नाही. पाहण्यानं पाहण्याची भूक वाढते, हे मात्र रोज दिसतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ मध्ये पेंग्विन पाहायला खुले झाले आणि रांगा लागल्या. त्या रांगेतून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची काळजी करणारी किती मुलं बाहेर पडली? बाहेर पडली ती आइस्क्रीमच्या गाडीकडे धावणारी. आणि ज्यांनी शतकानुशतकं बिबट्याला खरोखर सहन केलं त्यांनी पाहण्याचा हट्ट कधी धरलाच नाही. आरेतल्या आणि उद्यानातल्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजतात. आमच्या सातपुड्यातले भिल्ल वाघदेवाला पुजतात. अकोले तालुक्यात दिवाळीच्या तोंडाला वाघबारस होते. या सगळ्या पूजांमधलं मागणं एकच असतं: आमच्या गुराढोरांच्या वाटेला जाऊ नकोस, आम्ही तुझ्या वाटेला येणार नाही. "दर्शन दे" असं मागणं बाकी सगळ्या देवांना असतं, या एकट्या देवाला "दर्शन नको" असं असतं. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, हे ठाऊक असणारी ही माणसं आहेत. तरीही त्यांनी वाघोबा म्हणायचं सोडलं नाही.

उलट बाजूचा पुरावा मात्र सरळ मृत्यूच्या नोंदींतून येतो, आणि तिथे चेष्टा थांबवावी लागते. २००४ च्या जून महिन्यात या उद्यानाच्या आसपास बिबट्याच्या हल्ल्यांत दहाच्या जवळपास माणसं गेली. त्या काळातला शहाणपणा असा होता की वस्तीत बिबट्या दिसला की पिंजरा लावा, पकडा आणि "जंगलात" नेऊन सोडा. दिसणं हाच गुन्हा आणि दूर नेणं हीच शिक्षा. पण बिबट्या हा ठावठिकाणा असलेला प्राणी आहे. त्याला अनोळखी मुलखात सोडलं की तो बिथरतो, घराकडे निघतो, वाटेत माणसांची गाठ पडते; आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा, नवखा बिबट्या येऊन बसतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर आणि अकोले भागात वर्षानुवर्षं काम करून हे दाखवून दिलं: पकडून हलवण्यानं हल्ले कमी होत नाहीत, वाढतात. पुढे २०११ पासून मुंबईत वनखात्यानं अभ्यासकांना आणि नागरिकांना बरोबर घेऊन वेगळा मार्ग धरला. कचरा उचला, म्हणजे कुत्री कमी होतील. शौचालयाच्या वाटेवर दिवा लावा. मुलांना अंधारात एकटं पाठवू नका. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, त्याला जायला वाट द्या. यात प्राणी दाखवण्याचा एकही कार्यक्रम नाही, सगळे कार्यक्रम न भेटण्याचे आहेत. आणि मुंबईला बिबट्याबरोबर राहायला शिकवलं ते यांनी, सफारीच्या बसनं नव्हे.

पण "जंगलात नेऊन सोडा" यातलं जंगल म्हणजे नक्की कुठलं, हे आमच्या जिल्ह्याला विचारा. जुन्नर भागात पकडलेले काही बिबटे त्या वर्षांत थेट यावल अभयारण्यात आणून सोडले गेले. पुणे जिल्ह्याचं दुखणं जळगाव जिल्ह्यात! यावल अभयारण्य १९६९ मधलं, सातपुड्याच्या कुशीतलं, १७५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे बोरिवलीपेक्षा चांगलं मोठं. पण तिथे टॉय ट्रेन नाही, भुट्टेवाला नाही, मेट्रोचं स्थानक नाही, त्यामुळे मुंबईचा माणूस तिकडे फिरकत नाही. फक्त नको असलेली जनावरं फिरकतात. त्या सोडण्यानंतर यावलच्या आसपास माणसांवर हल्ले झाल्याच्या नोंदी अभ्यासकांनी केल्या आहेत. शहराला जनावर पाहायला हवं असतं, पण ते ठरलेल्या वेळी, जाळीपलीकडे, रविवारी. उरलेल्या वेळी ते दुसऱ्या जिल्ह्यात असावं. आमच्याकडे मुलीच्या सासरच्या मंडळींबद्दल अशी इच्छा धरतात. पण निदान त्या मंडळींना पिंजऱ्यात घालून यावलला पाठवत नाहीत.

इथे खुद्द खानदेशातूनच आक्षेप येईल, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. एसटीत बसून असली तत्त्वं सांगायला काय जातं. ज्याचं वासरू रात्री गेलं त्याला न दिसलेल्या बिबट्याचं कौतुक सांगून पाहा! शंभर टक्के बरोबर. २०१७ च्या शेवटी चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात नरभक्षक बिबट्यानं एकामागून एक माणसं मारली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. कापूस वेचायला मजूर जाईनात. जिल्ह्यातलेच एक मंत्री पिस्तूल हातात घेऊन शेतात उतरले आणि त्यांची चित्रफीत बिबट्याच्या आधी गावोगाव पोचली. शेवटी डिसेंबरात वरखेड्याच्या बाजूला त्याला गोळी घालावी लागली. जे जनावर माणूस मारायला लागलं त्याच्याबद्दल मी इथे रदबदली करणार नाही. पण त्या आधीच्या आणि नंतरच्या शेकडो रात्रींचा विचार करा, ज्या रात्री बिबट्याही होता, माणूसही होता आणि काही झालं नाही. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला, मुक्ताई-भवानी राखीव क्षेत्राच्या कडेला, केळीच्या बागांतून पट्टेदार वाघ फिरतात. केळीत गारवा, पाणी, आडोसा आणि रानडुक्कर. वाघाला आणखी काय पाहिजे? जळगावची केळी देशभर जाते आणि तिच्या खोडाआड वाघ झोपतो, हे खाणाऱ्याच्या गावीही नसतं. तिथला केळीवाला वाघ पाहायला जात नाही. तो वाघ दिसू नये म्हणून जातो: खोकत, काठी आपटत, मोबाइलवर अहिराणी गाणं मोठ्यानं लावून. सफारीत ज्या आवाजाला बंदी आहे तो आवाज त्याचं चिलखत आहे.

आणि तो रात्री जातोच का? हौसेनं नव्हे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्री येते, म्हणून. बोरिवलीत बिबट्याच्या कामाच्या वेळी माणसांना बाहेर काढणारं सरकार, रावेर-मुक्ताईनगरात त्याच वेळी माणसांना विजेची चिठ्ठी देऊन आत पाठवतं. यातली गंमत कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वनखातं आणि वीज कंपनी एकमेकांना दिसत नाहीत. तिथे मात्र न दिसण्याचा उपयोग होत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून चालू आहे. वाघ वाचवण्याच्या योजनांच्या यादीत तिचं नाव कोणी घालत नाही, पण माझ्या मते ते पहिल्या पाचात असावं. दुपारी दोनला मोटार चालू करणाऱ्या शेतकऱ्याची वाघाशी गाठ पडण्याचा संभव तेवढाच, जेवढा बोरिवलीच्या पर्यटकाचा: म्हणजे जवळपास नाही.

ताडोबाचं उदाहरण देऊन कोणी म्हणेल की दिसणाऱ्या वाघानं तिथल्या गावांना रोजगार दिला, गाइड झाले, जिप्सी आल्या, होम-स्टे निघाले. दिला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ताडोबा चंद्रपूरच्या नाक्यावर नाही, आणि प्रत्येक शहरानं आपल्या कडेला छोटा ताडोबा मागितला तर वाघांना हजेरीपत्रकावर सही करावी लागेल. नागपूरनं गोरेवाड्याला २०२१ मध्ये भारतीय सफारी काढली, पुण्यानं कात्रजला प्राणिसंग्रहालय केलं, आणि या दोन्ही जागा प्रामाणिक आहेत: इथे प्राणी दाखवला जातो, असं त्या उघड सांगतात. घोटाळा बोरिवलीत होतो, कारण तिथे एकाच तिकीटघराशेजारी पाळलेला सिंह आहे आणि मोकळा बिबट्या आहे, आणि लोक सिंहाचे नियम बिबट्याला लावतात.

तेव्हा यापुढे बोरिवलीच्या तिकिटामागे एक ओळ छापावी, अशी माझी वनखात्याला सूचना आहे: "आज आपणास बिबट्या न दाखवल्याबद्दल ही पावती." ती पावती जपून ठेवावी, गावी नेऊन दाखवावी. ज्याला फाटकाबाहेर बिबट्या दिसला त्याला मात्र तिकीट नसतानाही परतावा देण्याची सोय असावी, आणि तो अर्ज ऑनलाइन भरता यावा, कारण तशा प्रसंगानंतर माणूस काही दिवस घराबाहेर पडत नाही. जमलेल्या रकमेतला काही भाग यावलकडे वळवायला हरकत नाही. जुन्नरहून पाठवलेल्या बिबट्यांच्या खाण्यापिण्याचं बिल रावेर-यावलच्या शेळ्यांनी भरलं, ते अजून कोणी भागवलेलं नाही.